पैसे परत हवेत, तर रिव्ह्यू काढा?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव देऊ नका, असं त्यांनी कळवलंय. त्या घरी मसाले आणि लोणची करतात आणि थोडा माल एका ऑनलाइन बाजारावरही विकतात. या थंडीत त्यांनी ऑनलाइन ५४९ रुपयांचा पाणी तापवायचा रॉड मागवला. पंधरवड्यात रॉडची वरची प्लॅस्टिकची टोपी वितळली, आणि बादलीला हात लावल्यावर त्यांच्या मुलाला शॉक बसला. थोडक्यात निभावलं. कस्टमर केअरचं उत्तर आलं, ‘रिटर्नची दहा दिवसांची मुदत संपली आहे.’ ताईंनी चिडून एक स्टार दिला आणि फोटोसह सगळं लिहिलं. दोन दिवसांत विक्रेत्याचा फोन आला: पूर्ण पैसे देतो, वर दोनशे देतो, तेवढा रिव्ह्यू काढा. पुण्यात आयटीत असलेले दीर म्हणतात, “वहिनी, बघा, बाजारानेच तुमचं काम केलं. ग्राहक मंचात गेला असतात तर वर्ष गेलं असतं. हे सरकारी नियम तुमच्यासारख्या लहान विक्रेत्यांच्याच मुळावर येतात.” ताईंना ते पटतंही, कारण खाद्यपदार्थांसाठीची एफएसएसएआय नोंदणी, जीएसटी, पाकिटावरचं लेबल या सगळ्याने त्या स्वतः मेटाकुटीला आल्या होत्या. तरी रिव्ह्यू काढायला हात धजत नाही. त्या विचारतात, “पैसे घेऊन गप्प बसू, की तक्रार करू? आणि तक्रार केली तर मी दुटप्पी ठरते का?”

ताई,

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं सावकाश वाचा. तो रॉड ‘एकदा लावून बघू’ म्हणून कुणीही पुन्हा लावू नये. घरातल्या सगळ्यांना सांगून तो वेगळा ठेवा, पण फेकू नका. तो तुमचा पुरावा आहे.

आता पैशांचं. विक्रेता पैसे परत देऊ करतोय आणि त्या बदल्यात काहीतरी मागतोय, म्हणून तुम्हाला हा सौदा वाटतो. पण ते पैसे आधीच तुमचे आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. दहा दिवसांची मुदत कंपनीने स्वतः ठरवलेली आहे. रंग आवडला नाही, माप बसलं नाही, अशा वेळी ती लागू करा म्हणावं. वितळलेल्या रॉडसाठी त्या नियमात दहा दिवसांची कुठलीही अट नाही. म्हणजे हा माणूस तुमचीच वस्तू तुम्हाला विकतोय, आणि मोबदल्यात तुमच्या मागून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तुम्ही लावलेली धोक्याची पाटी उतरवून मागतोय. वरचे दोनशे रुपये त्या पाटीची किंमत आहेत. तुमचा हात धजत नाही तो याचसाठी, आणि तो बरोबर अडलाय.

तुम्ही पाठवलेला खोक्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यावर आयएसआयचं चिन्ह छापलंय. पण खऱ्या चिन्हाच्या वर ‘आयएस’ आणि मानकाचा क्रमांक असतो, पाणी तापवायच्या रॉडसाठी तो ३६८. खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक असतो. तुमच्या खोक्यावर वर काही नाही आणि खालीही काही नाही, मधलं नुसतं चित्र आहे. कोपऱ्यात निर्मात्याच्या नावाच्या जागी फक्त ‘मार्केटेड बाय’ आणि अर्धवट पत्ता. आयएसआय चिन्हाचा परवाना देणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेचं बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, त्यात परवाना क्रमांक टाकला की तो कुणाचा आणि चालू आहे का ते कळतं. इथे टाकायला क्रमांकच नाही. पाणी तापवायचा रॉड आयएसआय परवान्याशिवाय विकायला आपल्याकडे मनाई आहे, २००३ च्या आदेशापासून. हा रॉड एखादा नग बिघडलेला निघाला, असा प्रकार नाही. तो बाजारात यायलाच नको होता.

इथे दिरांच्या म्हणण्याकडे वळते. ते बऱ्याच अंशी खरं बोलतायत, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाला जो दिलासा मिळाला, त्यातला मोठा भाग कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय सुरू केली, कारण लोक आधी पैसे द्यायला घाबरत होते. चीनमध्ये अलीपे हे ऑनलाइन पैसे द्यायचं साधन २००४ मध्ये सुरू झालं ते याच भीतीवर तोडगा म्हणून: माल मिळाल्याचं गिऱ्हाईक सांगेपर्यंत पैसे मधल्यामध्ये थांबवून ठेवायचे. ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजाराने १९९६ मध्येच खरेदीदार-विक्रेत्यांनी एकमेकांना शेरे द्यायची पद्धत आणली, कारण एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसं तिथे व्यवहार करत होती. निव्वळ मन बदललं म्हणून वस्तू परत करायचा हक्क युरोपात कायद्याने १४ दिवसांचा आहे. आपल्याकडे असा सरसकट कायदेशीर हक्क नाही, तरी साडी नाही आवडली म्हणून आपण बिनधास्त परत करतो. हे स्पर्धेने दिलं. ‘आमच्याकडे घ्या, पटलं नाही तर परत द्या’ असं एकाने म्हटल्यावर दुसऱ्याला म्हणावंच लागलं. आणि तुमच्या एका स्टारने दोन दिवसांत फोन आला, हेही खरंच. रेटिंग उतरलं की माल यादीत खाली जातो, हे विक्रेत्याला नेमकं ठाऊक असतं.

पण फोन आला तो कशासाठी? रॉड मागे घ्यायला नव्हे. ‘तुमच्या मुलाला शॉक बसला, उरलेला माल थांबवतो’ असं त्याने म्हटल्याचं तुमच्या पत्रात नाही. त्याला शेरा नको होता. जिथे शेरा विकत मिळतो तिथे माल सुधारण्यापेक्षा शेरा विकत घेणं स्वस्त पडतं. पाचशे एकोणपन्नास अधिक दोनशे देऊन तो उरलेले सगळे रॉड खपवू शकतो. तुमच्याआधी किती जणांनी असे पैसे घेतले असतील ते मला किंवा तुम्हाला कळायचा मार्ग नाही, आणि बाजाराच्या संरक्षणातलं मोठं भोक नेमकं तिथे आहे. तुम्ही रॉड घेताना चार-साडेचार स्टार बघितले असणार. खरे वाईट अनुभव त्यातून आधीच वजा झाले असतील, तर ते स्टार तुम्हाला काय सांगणार?

ईबेलाही हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने आला होता. तिथे विक्रेताही गिऱ्हाइकाला वाईट शेरा देऊ शकायचा, म्हणून गिऱ्हाईक खरं लिहायला बिचकायचं. शेवटी २००८ मध्ये कंपनीने विक्रेत्यांकडून ती मुभा काढून घेतली. म्हणजे बाजार स्वतःला सुधारतो, हे दिरांचं म्हणणं इथेही खरं ठरतं. फक्त ती पद्धत १९९६ पासून चालू होती, म्हणजे सुधारायला बारा वर्षं लागली, हेही त्यांना सांगा.

आणखी एक भेद आहे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. काही दोष गिऱ्हाइकाला दिसतात: कुर्त्याचा रंग उतरला, डबा फुटका आला, पार्सल उशिरा पोचलं. असल्या दोषांना बाजार छान हाताळतो, कारण घेणाऱ्या प्रत्येकाला ते कळतात आणि तो लिहितो. काही दोष मात्र दिसत नाहीत. हजार रॉडांपैकी बहुतेक या थंडीत नीट चालतील, त्यांचे मालक पाच स्टार देतील, ‘पाणी झटपट तापतं’ असं लिहितील, आणि ते खोटंही नसेल. वायरवरचं आवरण किती पातळ आहे हे रिव्ह्यू लिहिणाऱ्याला कुठून कळणार? ज्याला ते कळतं, तो कदाचित लिहायला उरत नाही. मसाल्यातली भेसळ, गॅसच्या शेगडीची नळी, हेल्मेटच्या आतला थर, या सगळ्यांचं असंच. इथे माल घरात येण्याआधी कुणीतरी प्रयोगशाळेत तपासलेला असायला हवा. ते काम स्टार करू शकत नाहीत.

सरकारचं घोडं तरी कुठे पुढे गेलं, असं तुमचे दीर विचारतील. विचारू द्या, प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं. त्याने डिसेंबर २०२१ मध्ये लोकांसाठी सुरक्षा सूचना काढल्या. पहिलीत हेल्मेट, प्रेशर कुकर आणि गॅस सिलिंडर होते. दुसरीत ज्या घरगुती वस्तूंची नावं होती, त्यांत पाणी तापवायचे रॉडही होते. तरीही तुमच्या घरी बिनपरवान्याचा रॉड आलाच. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने ॲमेझॉनला एक लाखाचा दंड केला, कारण त्यांच्या बाजारावरून मानकात न बसणारे २,२६५ कुकर विकले गेले होते. घेणाऱ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असाही आदेश होता. त्या विक्रीतून कंपनीला सहा लाखांवर फी मिळाली होती. कंपनी त्या आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सहा लाखांच्या कमाईवर एक लाखाचा दंड, मग धाक कसला, असं मलाही वाटलं. पण त्या आदेशातलं एक तत्त्व मोलाचं आहे: विक्रीतून कमाई करणाऱ्या ऑनलाइन बाजाराला ‘माल आमचा नाही, आम्ही फक्त मध्यस्थ’ असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. मार्च २०२५ मध्ये बीआयएसने दिल्लीतल्या एका मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामावर छापा घालून मिक्सर, गिझर असे साडेतीन हजारांवर बिगर-आयएसआय नग जप्त केले. एकेका गिऱ्हाइकाच्या स्टारने गोदामाचं कुलूप उघडत नाही. तिथे सरकारच लागतं, आणि ते सरकार ढिलं पडत असेल तर त्याच्या मागे लागायला हवं. ते नकोच म्हणणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता दुटप्पीपणाचा प्रश्न. पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण तिथे तुम्ही स्वतःवर अन्याय करताय.

तुम्ही कंटाळलात त्या नियमांकडे नीट बघा. ते सगळे एका जातीचे नाहीत. तुमची उलाढाल किती का लहान असेना, ऑनलाइन बाजारावर माल विकायचा तर जीएसटी नोंदणी सक्तीची, ही अट खरंच जाचक होती. गावात टेबल मांडून विकणाऱ्या बाईला जी सवलत, ती पार्सल पाठवणाऱ्या बाईला नव्हती. लहान विक्रेत्यांनी त्याबद्दल तक्रारी केल्या आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली. त्या नियमाला तुम्ही वैतागलात ते योग्यच होतं. पाकिटावर बनवल्याची तारीख, वजन, घटक आणि एफएसएसएआयचा क्रमांक लिहायचा नियम मात्र वेगळ्या कुळातला. तो असल्यामुळेच नागपूरची एखादी अनोळखी बाई तुमचं लोणचं निर्धास्तपणे आपल्या पोरांच्या ताटात वाढते. ती तुम्हाला ओळखत नाही, तुमचं स्वयंपाकघर तिने पाहिलेलं नाही. बाजारात खोटा क्रमांक छापणारा आला की तिचा विश्वास उडतो, आणि पहिला फटका तुम्हाला बसतो, कारण त्याचं लोणचं तुमच्यापेक्षा पन्नास रुपयांनी स्वस्त असणार. चांगला माल करणाऱ्याला खोटा माल करणारा असाच बाजाराबाहेर ढकलतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन नेमकं हेच मांडलं, आणि त्यांना पुढे नोबेलही मिळालं. तेव्हा विक्रेती म्हणून निरर्थक कागदपत्रांवर चिडणं आणि ग्राहक म्हणून सुरक्षेचा नियम पाळला जावा असा आग्रह धरणं, यात विसंगती कुठली? दोन्हीकडे तुम्ही प्रामाणिक माणसाचीच बाजू घेताय.

आणि ‘सरकार की बाजार’ या भांडणात तिसरा गडी आपण विसरतो, हे महाराष्ट्रात राहून तरी होऊ नये. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा यायच्या दहाहून अधिक वर्षं आधी इथे बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं संघ करून घाऊक माल आणतात आणि आपसात वाटून घेतात. ते ना सरकार, ना दुकानदार. एकटी गृहिणी घासाघीस करते तेव्हा दुकानदार हसतो, शंभर कुटुंबांची यादी घेऊन गेल्यावर तो माल दाखवतो. तुमच्या बचत गटाच्या बैठकीत हा रॉड आणि हे खोकं घेऊन जा. चिन्हाच्या वर-खाली काय असायला हवं ते बायकांना दाखवा. थंडीत सगळ्यांच्याच घरी रॉड असतो.

आता करायचं काय ते सांगते. वाचकांपैकी कुणावर असा प्रसंग आला तर त्यांनाही हे चालेल.

रॉडचे, वितळलेल्या टोपीचे आणि खोक्याच्या सर्व बाजूंचे फोटो काढा. बिल डाउनलोड करून ठेवा. ॲपवरच्या त्या वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण पान उद्या गायब होऊ शकतं. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि वस्तू कुठल्या देशात बनली ते पानावर दिसायला हवं, नसेल तर तेही टिपून ठेवा. ऑनलाइन बाजाराकडे लेखी मागितल्यास विक्रेत्याची माहिती त्यांनी ग्राहकाला द्यायची असते. विक्रेत्याशी यापुढे फोनवर बोलू नका, ‘मेसेज करा’ म्हणा. रिव्ह्यू काढण्याची अट लेखी आली तर उत्तमच. रॉड न्यायला माणूस आला तर फोटो आणि पोच झाल्याशिवाय देऊ नका. ॲपमध्ये दिलेल्याच क्रमांकावर बोला, इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन करून ओटीपी सांगणाऱ्यांची फसवणूक रोज होतेय. तसं कुणाचं झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावं.

विक्रेत्याला एवढंच लिहा: “सदोष वस्तूचे पैसे परत मिळणं हा माझा हक्क आहे, त्यासाठी कोणतीही अट मला मान्य नाही. दोनशे रुपये नकोत. पैसे मिळाल्यावर तसं रिव्ह्यूमध्ये नमूद करेन, रिव्ह्यू काढणार नाही.” हे विक्रेत्यालाही न्याय्य आहे. त्याने पैसे दिले तर तेही लोकांना कळू दे.

त्याच दिवशी ऑनलाइन बाजाराच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर देणं बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण, असं नियम सांगतो. मेलमध्ये रिफंडइतक्याच ठळकपणे लिहा की वस्तूवर परवाना क्रमांक नाही आणि ती विक्रीतून काढावी. हे लेखी कळवल्यानंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोला. हेल्पलाइन कंपनीशी बोलून मिटवायचा प्रयत्न करते, निकाल देत नाही, एवढं लक्षात असू द्या.

बीआयएस केअर ॲपवरून चिन्हाच्या गैरवापराची तक्रार मात्र पैसे परत मिळाले तरी कराच. तिला वकील लागत नाही, हेलपाटे नाहीत. असुरक्षित मालाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते, २०१९ च्या कायद्यात तशी तरतूद आहे.

ग्राहक आयोगात, म्हणजे दीर म्हणतात त्या ग्राहक मंचात, जायचं का? फक्त ५४९ रुपयांसाठी मी आग्रह करणार नाही. दिरांची विलंबाबद्दलची नाराजी खोटी नाही. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त वेळ लागतो. पण दोन गोष्टी बदलल्यात, त्या दिरांनाही सांगा. कंपनीचं कार्यालय बेंगळुरूला असो की गुरुग्रामला, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, अर्ज ऑनलाइन होतो, वकील सक्तीचा नाही. मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं असेल, कागद असतील, तर मात्र माझं मत बदलतं. मग नुकसानभरपाई मागा. मुदत दोन वर्षांची असते.

तुमच्या स्वतःच्या दुकानावर कधी एक स्टार आला तर? येईलच, लोणचं कुणाला तरी खारट लागणार. तिथे उत्तर द्या, बरणी बदलून द्या, आणि रिव्ह्यू तसाच राहू द्या.

मेलची पोच ४८ तासांत आली नाही, किंवा रिफंडसाठी पुन्हा अट घातली, तर तारीख आणि तक्रार क्रमांकासह मला लिहा. पुढचा अर्ज कसा करायचा ते याच सदरात पाहू.